आधी दोरी, मग पॅड: युगांडाच्या गावांत धुऊन वापरायचे पॅड पोहोचवताना

मे महिना लागला की मला पुण्या-मुंबईहून निरोप यायला सुरुवात होते. २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन जवळ आलेला असतो, सोसायटीच्या नाहीतर ऑफिसच्या ग्रुपने वर्गणी काढलेली असते, आणि प्रश्न ठरलेला: "ताई, तुमच्या तिकडच्या खेड्यांसाठी किती कार्टन पाठवू?" मी कंपालात राहते. मुकोनो आणि कायुंगा जिल्ह्यांतल्या बायकांच्या गटांबरोबर काही वर्षं कापडी पॅडचं काम करते आहे. कार्टनचा प्रश्न या कामात फार उशिरा येतो, आणि बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात.

आम्हीही तेच केलं होतं. एका दुपारी ८० जणींना पाकिटं वाटली, टाळ्या झाल्या, माटोके आणि शेंगदाण्याचं कालवण जेवलो, परत आलो. तीन महिन्यांनी गेलो तर एकीने पत्र्याच्या पेटीतून पाकीट काढून दाखवलं, जसंच्या तसं. म्हणाली, "न्याबो, घराला दोरी एकच, तीही रस्त्याकडे. हे वाळत कुठे घालू?" न्याबो म्हणजे बाईसाहेब. त्या दिवशी त्या शब्दाची मला लाज वाटली.

खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या दोन पायऱ्यांना महिना गेला तरी हरकत नाही.

## १. आधी माणसं, मग माल

युगांडात गावपातळीवर 'एलसी वन' नावाची परिषद असते. तिच्या चेअरमनला भेटल्याशिवाय गावात काहीही वाटू नका. कागद आणि शिक्का मागितला तर तो घ्या. पुढे कुणी अडवलं तर तोच कामाला येतो. त्यानंतर व्हीएचटी, म्हणजे गावचे आरोग्य स्वयंसेवक. आपल्या आशाताईंसारखंच काम, फक्त यांच्यात पुरुषही असतात. शाळेत जायचं असेल तर आधी हेडमास्तर आणि मग 'सीनियर वुमन टीचर'. मुलींच्या अडचणी बघण्याची जबाबदारी शाळेने या बाईंना दिलेली असते.

यांच्यानंतरची भेट सगळ्यात महत्त्वाची आणि ती हमखास राहते: सेंगा. सेंगा म्हणजे आत्या. बुगांडा भागात वयात आलेल्या मुलीला शरीराबद्दल, लग्नाबद्दल सांगायचं काम परंपरेने आत्याचं. आई त्यात पडत नाही. तुम्ही आयांची सभा घेतली आणि सेंगांना बोलावलंच नाही, तर मुलीला घरी विचारायला माणूस उरत नाही.

मग आठ-दहा जणींना सावलीत बसवा. पुरुष नकोत, कॅमेरा नको. विचारायचं एवढंच: सध्या काय वापरता, कुठे बदलता, कुठे धुता, कुठे वाळवता, पाळीत काय करायची बंदी आहे, आणि निकर किती आहेत? शेवटचा प्रश्न विचारताना आपल्यालाच अवघडतं, पण तो टाळलात तर पुढचं सगळं फुकट जातं. बटणाच्या पंखांचा पॅड निकरलाच बसतो. घरात दोनच निकर असतील आणि त्याही सैल झालेल्या, तर पॅड कितीही चांगला शिवा, तो घसरणारच.

भाषेचंही बघा. लुगांडात पाळीला सरळ नावाने कुणी बोलत नाही, 'एनसोंगा' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'कारण', 'बाब'. आपण 'अडचण' म्हणतो तसंच. दुभाषी तरुण पुरुष असेल तर बायका त्या एका शब्दावरच थांबतात, म्हणून दुभाषी बाईच हवी.

बंद्या ऐकताना हसू नका, वादही घालू नका. भुईमुगाच्या शेतातून जायचं नाही, झाडावर चढायचं नाही, गुरं पाळणाऱ्यांकडे दुधाला हात लावायचा नाही. लोणच्याच्या बरणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. एक भीती मात्र नीट ऐकून घ्या: रक्ताचं कापड कुणाच्या हाती लागलं तर करणी होईल. कापड लपवलं जातं त्याचं हेही एक कारण आहे, आणि पुढच्या पायरीचं सगळं काम या लपवण्याशीच आहे.

तपासा: 'कुठे वाळवता?' या प्रश्नाला निदान पाच जणींकडून खरं उत्तर मिळालं का? सगळ्या "बाहेर, उन्हात" म्हणाल्या असतील तर त्यांनी तुम्हाला शाळेतलं उत्तर दिलंय. पुन्हा जा.

## २. पाणी, साबण आणि दोरी

पाणी मोजा. गावात मोजायचं माप तयारच असतं: २० लिटरचा पिवळा जेरीकॅन. बोअरहोल किती लांब आहे, भरून कोण आणतं, घरात रोज किती कॅन येतात, हे लिहून घ्या. आम्ही स्वतः धुऊन पाहिलं तेव्हा तीन पॅडना साधारण ६ ते ७ लिटर पाणी लागलं, म्हणजे एका कॅनचा तिसरा हिस्सा. दोन किलोमीटरवरून कॅन डोक्यावर आणणाऱ्या मुलीसाठी हा हिशेब लहान नाही.

साबण दुकानात लांब वडीचा मिळतो. दुकानदार तो कापून तुकडा देतो. त्या तुकड्यात भांडी, कपडे, आंघोळ सगळं बसवायचं असतं, म्हणून पाकिटात साबण घालायचाच.

आता दोरी. इथे वर्षात दोन पावसाळे, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. उन्हात जाड पॅड अर्ध्या दिवसात वाळतो. पावसात दोन दिवस लागतात, आणि तेही वारा असेल तर. वाळवायला आडोसा नसेल तर पॅड गादीखाली जातो, दमट राहतो, कुबट वास धरतो. मग खाज येते, पुरळ उठतं, आणि बाई म्हणते "हे पॅड वाईट".

याचा उत्तम तोडगा मला एका जाजाने, म्हणजे आजीने, शिकवला. तिच्या घरामागे फणसाचं झाड. झाडापासून संडासाच्या खांबापर्यंत तिने घायपाताची दोरी ताणली होती. पॅड उलगडून तिला चिमटे लावले, आणि वरून जुनी पातळ लेसू टाकली. लेसू म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड. खालच्या कडेला दोन दगड बांधून सोडले. "बघणाऱ्याला लेसू दिसते," ती म्हणाली, "सूर्याला सगळं दिसतं." कापड झिरझिरीत असल्यामुळे ऊन-वारा आत जातो. तेव्हापासून आमच्या पाकिटात तीन मीटर दोरी आणि सहा चिमटे असतात.

सावधान: लेसूच्या जागी जाड चादर किंवा प्लास्टिक टाकलं तर पॅड वाळत नाही, उबतो.

शाळेत दोन गोष्टी बघा: मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, आणि आत पाणी नेता येतं का. कडी नसेल तर पहिला खर्च कडीवर करा. पॅडपेक्षा ती स्वस्त पडते.

## ३. काय द्यायचं ते त्यांनी ठरवावं

तीन पर्याय समोर ठेवा आणि हातात द्या.

पहिला, त्या आधीच वापरतात ते कापड. हे ऐकून देणगीदार नाराज होतात. पण स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड वाईट नाही, आणि काही जणींना साबण, दोरी आणि दोन निकर एवढंच हवं असतं. तेवढंच द्या.

दुसरा, शिवलेला पॅड. बहुतेक जणी हाच निवडतात.

तिसरा, सिलिकॉनचा कप, योनीमार्गात बसवून रक्त साठवायचा. पाणी कमी लागतं, वाळवायचा प्रश्न नाही, नीट ठेवला तर बरीच वर्षं टिकतो. पश्चिम केनियात शाळकरी मुलींबरोबरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. २०१९ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात कप सुरक्षित आणि गळतीच्या बाबतीत पॅडच्या तोडीचा ठरला. त्याच आढाव्यात हेही आहे की सवय व्हायला काही पाळ्या जातात. म्हणून कप एकटीला देऊन निघून येऊ नका. एका गावात निदान चार-पाच जणींना द्या, म्हणजे त्या एकमेकींना विचारतील. आधी बाळंतपण झालेल्या बायकांना द्या, मुलींना नंतर. कौमार्याची भीती आयांच्या तोंडूनच कमी होते.

कप उकळायला वेगळा डबा लागतो. स्वयंपाकाच्या पातेल्यात तो कुणी टाकणार नाही, आणि का टाकावा? मार्जरीनचा रिकामा पत्र्याचा डबा चालतो. दर पाळीनंतर सिगिरीवर, म्हणजे कोळशाच्या शेगडीवर, पाच ते दहा मिनिटं, पाण्यात पूर्ण बुडवून. डब्यातलं पाणी आटलं की कप जळतो. पहिल्या महिन्यात हे एकीकडे तरी होतंच.

सावधान: कप बारा तासांच्या आत रिकामा करायचाच. तांबी बसवलेली असेल तर आधी नर्सला विचारायचं. ज्या समाजांत मुलींचं जननांग शिवून टाकण्याची प्रथा आहे (सोमालिया, उत्तर केनियाचा काही भाग), तिथे कपाचा विषयच काढू नका. अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ असं काही झालं तर कप काढून लगेच हेल्थ सेंटर.

आणि भारतातून पाठवायच्या कार्टनबद्दल: वापरून टाकायचे पॅड तीन महिन्यांत संपतात आणि खड्ड्याचा संडास भरतात. शिवाय आयातीच्या मालाला निघण्याआधीची तपासणी, कर, गोदामभाडं. एका मंडळाचे खोके बंदरात इतके दिवस अडकले की भाड्याच्या पैशात इथे तेवढेच पॅड शिवून झाले असते. पैसे पाठवा, आणि वस्तूच पाठवायची असेल तर बटणं मारायची हातमशीन पाठवा.

## ४. शिवून घेताना

तयार पॅडही मिळतात. 'आफ्रीपॅड्स' ही कंपनी युगांडातच २०१० पासून बनवते, आणि धुऊन वापरायच्या पॅडसाठी युगांडाच्या मानक संस्थेने प्रमाणही ठरवलं आहे. घाई असेल किंवा संख्या हजारात असेल तर तयार घ्या. पण गावात पायमशीनवर शिवणारी एक तरी बाई असते, बहुधा ट्रेडिंग सेंटरच्या व्हरांड्यात. तिला शिकवलं तर पुढच्या वर्षीचा प्रश्न आत्ताच मिटतो.

कापड तीन थरांचं. अंगाला लागणारा वरचा थर मऊ सुती फ्लॅनेल. मधला शोषणारा: टॉवेलच्या कापडाचे दोन पदर, रात्रीसाठी तीन. खालचा न गळणारा: पीयूएल, म्हणजे मागून पातळ लेप दिलेलं पॉलिस्टर, रेनकोटपेक्षा मऊ. फ्लॅनेलच्या जुन्या चादरी 'मिवुंबा'त, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात, छान मिळतात. कंपालाच्या ओविनो बाजारात खाली बसून ढिगातून निवडायची तयारी ठेवा.

माप: दिवसाचा पॅड २५ सेंटिमीटर, रात्रीचा ३०. मध्ये रुंदी साडेसहा ते सात. शिलाईला एक सेंटिमीटर जादा.

क्रम असा:

१. सुती कापड कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन वाळवा. नंतर आटलं की पॅड केळ्यासारखा वाकडा होतो.

२. छापील कापडाचा रंग तपासा. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा. किटेंगे, म्हणजे इथली छापील सुती कापडं, दिसायला सुंदर, पण काही रंग सोडतात.

३. मधला थर आधी फक्त वरच्या फ्लॅनेलला शिवा.

४. मग पीयूएल जोडा, पॅड उलटवल्यावर लेपाची चकचकीत बाजू आत राहील असं. टाचण्या लावू नका, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

५. उलटवून कडेने एक टीप मारा. बटणं पंखांवर.

नेहमीची चूक: सगळे थर एकत्र धरून मधोमध टिपा मारणं. गोधडी शिवणाऱ्या हाताला तो मोह होतोच. पण पीयूएलला सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची वाट. टाचणीचंही तेच. आणि दोरा पॉलिस्टरचाच, कारण सुती दोरा वातीसारखं रक्त बाहेर ओढतो.

तपासा: हेल्थ सेंटरकडून नवी सिरिंज घ्या. पहिल्या पॅडवर २० मिलिलिटर रंगीत पाणी हळूहळू सोडा, पाच मिनिटं थांबा, खाली पांढरा कागद ठेवून वर विटेचं वजन द्या. एका पूर्ण पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटरच रक्त जातं, तेव्हा ही परीक्षा कडकच आहे. कागद कोरडा राहिला तरच पुढचे पॅड कापा. हा पॅड मग तीन वेळा धुऊन पुन्हा तपासा. नवा पॅड कधीकधी लबाडी करतो.

रंग कुठला? मला फिकट आवडायचा, नीट धुतलं की नाही ते कळतं. बायकांनी गडद मागितला. गडद शिवले.

## ५. पाकीट आणि वाटपाचा दिवस

किती पॅड? हिशेब सोपा आहे. दिवसाला तीन लागतात, पावसात वाळायला दोन दिवस, म्हणजे सहा. त्यांतले दोन रात्रीचे. चार दिलेत तर कोरड्या महिन्यांत भागतं आणि एप्रिलच्या पावसात मुलगी ओला पॅड घालून शाळेत जाते.

पाकिटात: सहा पॅड, दोन निकर (मापाच्या, त्यासाठी आधीच मापं घेतलेली हवीत), साबणाचा तुकडा, दोरी आणि चिमटे, वापरलेला पॅड शाळेतून घरी आणायला पीयूएलची बंद होणारी पिशवी. बाहेरची पिशवी साधी, वर छापील काही नको. संस्थेचं नाव छापलेली गुलाबी पिशवी घेऊन मुलगी वर्गातून निघाली की तिच्या हातात काय आहे ते सगळ्या मुलांना कळतं.

बोलणं सेंगाने आणि व्हीएचटीने करावं. तुम्ही मागे बसा. बोलण्याचा वेळ मात्र कापू नका. शेजारच्या कामुली जिल्ह्यात आठ शाळांमध्ये झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. काही शाळांत पॅड दिले, काहींत नुसती माहिती, काहींत दोन्ही, काहींत काहीच नाही. काहीच न मिळालेल्या शाळांत मुलींची हजेरी बाकीच्या तिन्ही गटांपेक्षा जास्त घसरली. म्हणजे नुसत्या माहितीलाही वजन होतं.

मुलग्यांना आणि वडिलांना वेगळं बसवून अर्धा तास द्या. साबणाचे पैसे बापाच्या खिशातून येतात.

सावधान: पाकीट हातात धरलेल्या मुलींचे फोटो काढू नका. देणगीदाराला शिलाई मशीनचा फोटो पाठवा.

## ६. धुण्याचं प्रात्यक्षिक

हे तोंडी सांगू नका. टब, पाणी, साबण आणि कपड्यावर टाकलेला टोमॅटोचा रस घेऊन करून दाखवा.

थंड पाण्यात आधी भिजवायचं. गरम पाण्याने रक्ताचा डाग बसतो. ते पाणी ओतून द्यायचं, मग साबण, चोळणं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळणं. पॅड वाळल्यावर कडक लागला तर त्यात साबण राहिलाय, तो अंगाला खरवडतो. जिक, म्हणजे इथलं ब्लीच, घालायचं नाही. इस्त्री फिरवायची नाही, लेप वितळतो. पिळताना पीळ घालायचा नाही, दाबायचं.

धुतलेलं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न कुणीतरी हळूच विचारतं. संडासात. करणीची भीतीही त्याने मिटते.

बहिणी-बहिणींनी पॅड वाटून घ्यायचे नाहीत. प्रत्येकीने आपल्या पॅडच्या पंखावर रंगीत दोऱ्याची खूण घालावी. हे काम तिथेच बसून करून घेतलं की बायका आपसात बोलायलाही लागतात.

## ७. तीन पाळ्या मागे लागा

वाटपानंतर पाच आठवड्यांनी, नऊ आठवड्यांनी, तेरा आठवड्यांनी. बोडाबोडाचं, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीचं, भाडं बजेटमध्ये आधीच धरा. ते नसतं म्हणून पाठपुरावा होत नाही.

"वापरता का?" असं विचारू नका, उत्तर हो येणारच. विचारा: "मागच्या पाळीत सगळ्यात त्रास कोणत्या दिवशी झाला?" त्यातून सगळं बाहेर येतं. गळतं म्हणाली तर आधी निकर बघा, मग पॅड उलटा लावला जातोय का ते. पहिल्या महिन्यात पीयूएलची बाजू वर करून लावणाऱ्या निघतातच. वास येतो म्हणाली तर दोरी कुठे बांधलीय ते बघा. आणि दर दोन तासांनी पॅड भिजतोय, किंवा पाळी आठवड्याहून जास्त चालते, असं कुणी म्हणालं तर तो पॅडचा प्रश्न नाही. तिला हेल्थ सेंटरला पाठवा.

तपासा: तिसऱ्या भेटीत दहातल्या निदान सात घरांच्या मागे चिमटे लावलेली दोरी दिसली पाहिजे. नसेल तर नवे पॅड शिवू नका, पायरी दोनवर परत जा.

## ८. पुढच्या वर्षीचे पॅड

फुकट वाटप एकदाच. नीट शिवलेला पॅड वर्षभर सहज जातो, पण मुली वाढतात, नव्या मुली वयात येतात. इथे बायकांचे बचतगट आहेत, आपल्याकडच्यासारखेच. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन जणींकडे. शिवणाऱ्या बाईने पॅड गटाच्या बैठकीत विकावेत, पैसे दर आठवड्याला थोडे थोडे त्याच पेटीत जावेत. दुकानात पुरुषासमोर मागायला लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

किंमत काढताना तिची मजुरी धरा. आम्ही पहिल्या वर्षी फक्त कापड, दोरा, बटणं धरली होती. तिने दोन महिने शिवले आणि मग शाळेचे गणवेश शिवायला घेतले, कारण त्यात पैसे सुटत होते. तिचं बरोबर होतं. आता दर पॅडमागे तिची मजुरी आधी लिहितो आणि मग कापडाला हात लावतो. बटणं तुटतात म्हणून प्रत्येक गटाकडे मूठभर सुटी बटणं आणि ती मारायची एक हातमशीन ठेवली आहे. ती पेटीतच असते, तीन कुलपांच्या आत.